कट्ट्याचं रिकामं टोक

मुलांनी रिकामा वेळ कसा घालवावा यावर हल्ली शहाणी माणसं तासन्‌तास बोलतात आणि मला ऐकताना जांभया येतात. आमच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. ज्या गावात राहायचं त्या गावाने पोरांचा वेळ आधीच ताब्यात घेतलेला असे. कुर्डुवाडीचा माझा मावसभाऊ अख्खी दुपार स्टेशनच्या पुलावर काढायचा. इंजिनाच्या शिट्टीवरून आपण ड्रायव्हर ओळखतो, असं तो सांगायचा. खरंखोटं कोण बघतंय? अक्कलकोटकडची आत्याची पोरं विहिरीत मुटके मारायची आणि बाहेर आली की दुसऱ्याच्या रानातल्या शेंगा भाजून खायची. आम्ही सोलापुरात गिरणीच्या भिंतीला लागून राहणारे. आमच्याकडे ना रूळ ना विहीर. आमच्याकडे होता नुसता आवाज.

गिरणीच्या विणकाम खात्याची मागची भिंत आमच्या बोळात होती. आत ओळीने माग चालायचे आणि त्यांचा खडखडाट रात्रंदिवस बोळात भरून राहायचा. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. घरी पाहुणा आला आणि ओरडून बोलायला लागला की आठवण व्हायची, अरे, आपल्याकडे आवाज आहे. वीज गेली की मात्र सगळा बोळ दचकायचा. तान्ही पोरं झोपेतून उठून रडायला लागायची.

खात्याच्या आत तर शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, ओठ मोठे हलवायचे, जोडीला हाताच्या खुणा. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. कपाळावर हात आडवा धरला की मुकादम येतोय. विणकरांत कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी दखनी बोलणारा, पण ही ओठांची बोली सगळ्यांची एकच होती. त्यांच्या बायकांनाही ती यायची, कारण पाळी संपवून आलेला नवरा घरीसुद्धा तसाच बोलायचा. बिचाऱ्याचे कान अजून खात्यातच असायचे.

माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात सगळं खणखणीत बोललं जायचं, शुद्धलेखनासकट. ओठांची बोली मी शिकलो माझ्या मित्राकडून. तो शेजारच्याच खोलीत राहायचा, माझ्याच वर्गात होता, आणि त्याचे वडील विणकर होते. घरी ते कानडी बोलत. आईला तो अव्वा म्हणायचा, वडिलांना अप्पा. अप्पांनी त्याला मांडीवर बसवून ओठ वाचायला शिकवलं होतं, जसं माझ्या वडिलांनी मला पाढे शिकवले. त्याला त्याच्या विद्येचा उपयोग होत होता, माझ्या पाढ्यांचा मला अजून व्हायचाय.

बोळाच्या तोंडाशी लिंबाखाली एक लांब दगडी कट्टा होता. शाळा सुटली की आम्ही दोघं तिथं. खेळ एकच, लांबच्या माणसांचे ओठ वाचायचे. समोरच्या चाळीच्या सज्जात नवराबायको काय कुजबुजतात, न्हावी गिऱ्हाइकाला कुणाची कुचाळकी सांगतो, पानाच्या टपरीवर कोण कुणाला थापा मारतो, सगळं आम्हाला कळायचं. एकदा तो न्हावी माझ्या वडिलांच्या टकलावरच घसरला होता. मी आठवडाभर त्याच्याकडे रागाने बघत होतो आणि त्याला कारण कळत नव्हतं. त्या वयात एवढी करमणूक पुरते. आई म्हणायची, "मुक्यागत काय तोंडं वेंगाडत बसता रे तिकडं?"

मग दुष्काळाच्या साली अप्पा नाहीसे झाले. सकाळच्या पाळीला डबा घेऊन निघाले आणि गिरणीच्या फाटकावर पोचलेच नाहीत. चाळीपासून फाटक असं कितीसं लांब? एक बिडी ओढून व्हायच्या आत माणूस पोचतो. वाटेत नेहमीचीच माणसं, नेहमीचीच दुकानं. कुणी त्यांना पाहिलं नाही. कुणी म्हणालं भिवंडीला दिसले, कुणी म्हणालं इचलकरंजीला. होटगीकडे रुळांवर कुणीतरी सापडल्याचं कळलं तेव्हा मित्राचे काका बघायला गेले, पण तो दुसराच कुणी निघाला. पुढे शोधणंही थांबलं. अव्वा बिड्या वळायला लागली. दारात सूप मांडीवर घेऊन बसायची, आणि कपाळावर कुंकू रोज, रुपयाएवढं.

त्या कुंकवावरून चाळीत कुजबुज सुरू झाली. श्रावणात, चैत्रात बायका एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावत. अव्वाला सवाष्ण म्हणून बोलवायचं की नाही, हे कुणाला ठरवता येईना, म्हणून सगळ्यांनी बोलवायचंच सोडलं. माझी आईसुद्धा त्यांत आली. एका थोरल्या बाईने तर नळावर, चारचौघींत, अव्वाला विचारलं की किती वरीस असं मिरवणार. अव्वाने घागर उचलली आणि ती घरी आली. मित्र तेव्हा तिथंच होता. मला तो एवढंच म्हणाला, "अप्पा येणारेत बे." उद्याचा वार सांगावा इतकं सरळ त्याने ते सांगितलं.

अशात एका उन्हाळ्यात समोरच्या चाळीच्या माडीवर एक म्हातारा राहायला आला. मुलाने त्याला दुसऱ्या पेठेतून आणलं होतं. दुपारी उन्हं कलली की सून त्याला खिडकीतल्या खुर्चीवर आणून बसवायची, चहाचा कप गजाशी ठेवायची आणि आत जायची. मग म्हातारा बोलायला लागायचा, ओठांनी.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं आमच्याशीच बोलतोय. आम्ही खूश झालो आणि हात हलवले. त्याने लक्षच दिलं नाही. त्याची नजर आमच्यावरून सरकून कट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला जायची, खोडाला लागून जिथं कुणी बसत नसे तिथं. तिथं बघून तो म्हणायचा, धागा तुटला बघ तुझा. म्हणायचा, आज मुकादमाचं डोकं फिरलंय. मग थांबायचा. मान हलवायचा. कधी खुदकन हसायचा आणि पुढचं बोलायचा. वेडी माणसं मी पाहिली होती, आमच्या पेठेत त्यांचा दुष्काळ नव्हता. पण वेडा माणूस बोलत सुटतो, दुसऱ्याचं ऐकायला थांबत नाही. हा थांबायचा. समोरच्याला उत्तर द्यायला लागेल तेवढाच थांबायचा, कधी जास्त, कधी कमी.

त्याच सुट्टीत कुर्डुवाडीचा मावसभाऊ आमच्याकडे राहायला आला. त्याला ओठ वाचता येत नव्हते, पण आम्ही सांगितलं तशी त्याची पैजेची खुमखुमी जागी झाली. "असं कुणी असतं व्हय रं?" म्हणाला आणि सरळ जाऊन त्या टोकाला बसला, पाय पसरून. म्हाताऱ्याचं तोंड अर्ध्यावर थांबलं. मग त्याने हाताने झिडकारल्यासारखं केलं आणि ओठ हलवले. मावसभावाने आमच्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

मित्र म्हणाला, "ऊठ म्हणतंय. माणूस बसलंय तिथं, दिसत न्हाई का म्हणतंय."

मावसभाऊ हसला, पण उठला. नंतर त्यानेच आम्हाला दाखवलं. लिंबोळ्यांचे दिवस होते, सगळा कट्टा पिवळा झालेला, आणि ते टोक मात्र एका माणसापुरतं स्वच्छ. वरची फांदी तशी असेल, वारा तसा असेल, मला ठाऊक नाही. लख्ख ऊन होतं, टपरीवर माणसं होती, सायकली जात होत्या. अंधारात भीती वाटली असती तर घरी पळालो असतो. उन्हात कुठं पळणार? मावसभाऊ सुट्टी संपायच्या आधीच आईची आठवण येते म्हणून कुर्डुवाडीला निघून गेला. एवढ्या वर्षांत त्याला आईची आठवण आलेली मी तेवढीच पाहिली.

आम्ही मात्र रोज बसायचो. एक दिवस म्हातारा त्या टोकाशी बोलता बोलता थांबला आणि त्याने हनुवटीने माझ्या मित्राकडे खूण केली. ओठ सावकाश हलले. मी वाचलं, मित्रानेही वाचलं. हा पोरगा तुझा का रे?

मग तो थांबला. मान डोलवली, हसला, आणि म्हणाला, नाक तुझंच आहे.

मित्राचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो त्याने इतका आवळला की चार बोटांचे वळ उठले. थोड्या वेळाने तो उठला आणि घरी गेला, आणि मी त्याच्या मागे. अव्वा दारात बिड्या वळत होती. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अव्वा, अप्पांच्या शेजारच्या मागावर कोण असायचं ग?"

"व्हतं एक म्हातारं," अव्वा हातातली बिडी न सोडता म्हणाली. "ठार भैरं. तेलुगू. तुज्या अप्पावर लई माया त्याची. का रं?"

"काय न्हाई. उगच."

बाहेर आल्यावर तो जिन्याच्या पायरीवर बसला. मी त्याला म्हटलं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, जुनं आठवतं आणि ते बडबडतो. मास्तराच्या पोराला शोभेल असंच ते होतं. मी म्हाताऱ्याच्या सुनेलाही गाठलं. ती म्हणाली, मामंजी दुष्काळाच्या आधीच गिरणीतून सुटले. त्यांना ऐकू येत नाही, मला त्यांचं ओठांचं येत नाही, त्यामुळे गावातलं काहीच त्यांना कळत नाही. कोण जगलं, कोण मेलं, कुणी सांगितलंच नाही. म्हणजे आपल्या शेजारच्या मागावरचा माणूस नाहीसा झालाय, हेच त्याला माहीत नव्हतं. हे मी मित्राला सांगितलं आणि सांगून चुकलो असं वाटलं.

तो म्हणाला, "गिरणीतल्या किती माणसांशी ओळख असंल त्याची. मग ह्याच माणसाला का बोलवतंय ते? आन्‌ बोलवलं तरी हितं येऊन बसणारं माणूस जितं असतंय का बे?"

आता सगळं उलटं झालं होतं. जोवर त्या टोकाला कुणी नव्हतं तोवर अप्पा कुठंतरी होते, भिवंडीला म्हणा, इचलकरंजीला म्हणा. त्या टोकाला ते बसलेत असं मानलं की संपलंच. मित्राला ते मानायचं नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं. तो रोज यायचा, माझ्या आधी यायचा, आणि म्हाताऱ्याच्या तोंडातून असं काही निघावं ज्यावरून तो माणूस दुसराच कुणी ठरेल, याची वाट बघायचा. म्हातारा कधी चहाचं बोलायचा, कधी पगाराचं. एकदा म्हणाला, कानडीत शिवी देतोस होय मला? मित्राने डोळे मिटून घेतले.

पण त्याची खरी भीती वेगळी होती. अव्वा वळलेल्या बिड्या पाटीत भरून बिडी शाखेवर द्यायला जायची, आणि जवळची वाट बोळाच्या तोंडाशी, आमच्या कट्ट्यावरूनच होती. ती विणकराची बायको. तिला म्हाताऱ्याचं तोंड वाचायला कुणाची गरज नव्हती. तिने एकदा पाहिलं की तिला कळणार, आणि कळलं की तिला कुंकू पुसावं लागणार, नळावरच्या बायका म्हणत होत्या तसं. मित्राने तिला सांगितलं, बोळाच्या तोंडाशी गटार खणलंय, मंडईकडून जा. पुढे म्हणाला, पिसाळलेलं कुत्रं फिरतंय. कधी स्वतःच पाटी घेऊन जायचा. अव्वा मुकाट्याने लांबच्या वाटेने जायची. तिला ते कुत्रं खरं वाटत होतं का, हा प्रश्न मला आज पडतो, तेव्हा पडला नव्हता.

मग एक दिवस शाखा लवकर बंद होणार होती. आम्ही कट्ट्यावर होतो. म्हातारा आपला बोलत होता, काहीतरी सणाच्या सुट्टीचं. मला बोळाच्या आतून अव्वा येताना दिसली, पाटी कमरेवर, पाय झपझप. मित्राने पाहिलं तेव्हा ती लिंबापाशी पोचली होती. तो उठून तिच्या आडवा झाला.

म्हाताऱ्याने खिडकीतून तिला पाहिलं आणि त्या टोकाकडे वळून तो हसला. तुझी घरची आली बघ.

अव्वाने वाचलं. माग आत खडखडत होते, टपरीवर रेडिओ चालू होता, रस्ता नेहमीसारखा चालला होता, आणि त्यापुढचं सगळं एका शब्दाचाही आवाज न होता झालं. अव्वाने पाटी खाली ठेवली. मुलाला हाताने बाजूला केलं. वर खिडकीकडे बघून तिने ओठ हलवले, गिरणीत हलवतात तसे, मोठे. तिला ते बोलताना मी प्रथमच पाहत होतो.

मामा, कोण बसलंय तिथं?

म्हाताऱ्याला हा प्रश्नच खुळ्यासारखा वाटला असावा. नवऱ्याला ओळखत नाहीस होय, असं तो म्हणाला.

अव्वा त्या टोकाकडे वळली. तिथं दगड होता आणि लिंबाची सावली होती. ती बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण त्या टोकाकडे बघायची माझी छाती झाली नाही. मित्र तिचा पदर ओढत होता, "अव्वा चल, चल की." त्याचा आवाज फुटला होता. तिने पदर सोडवून घेतला, पुन्हा वर पाहिलं, आणि कपाळावर बोट ठेवलं.

त्यांना विचारा. हे ठेवू का पुसू?

म्हातारा त्या टोकाकडे वळला. त्याने विचारलं. मग तो थांबला. त्या उन्हाळ्यात मी त्याचं कितीतरी थांबणं पाहिलं होतं, पण इतकं लांब नाही. सज्जांतून बायका बघायला लागल्या होत्या, नळावरची थोरली बाईही त्यांत होती. अव्वाची त्यांच्याकडे पाठ होती, त्यामुळे एक बाई कपाळाला बोट लावून उभी आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. मला वाटत होतं, म्हाताऱ्याने आता हसावं, काहीतरी भलतंच बरळावं, चहा मागावा. मला मनापासून तसं व्हायला हवं होतं.

म्हातारा खुर्चीवरून उठला. दोन्ही हातांनी त्याने गज धरले आणि घशातून आवाज काढला. तो आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता. बहिऱ्या माणसाला आपण किती ओरडतोय ते कळत नाही. मागांच्या खडखडाटावरून तो सगळ्या बोळात गेला.

"ठेव म्हणतोय."

आणि तो खाली बसला. त्याची सून धावत आली. सज्जांत कुणी हललं नाही.

अव्वाने वाकून पाटी उचलली आणि कमरेवर घेतली. मित्र रडत होता, एवढा मोठा मुलगा भर रस्त्यात नाक पुसत रडत होता. तो म्हणाला, "अव्वा, म्हंजे अप्पा गेले की."

"व्हय," अव्वा म्हणाली. "गेले."

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, कपाळ सगळ्यांना दिसेल इतका, आणि सज्जांतल्या बायकांकडे एकदा सावकाश बघून घेतलं.

"पन ठेव म्हणाले की," ती म्हणाली, आणि शाखेकडे चालू लागली.